विज्ञानातल्या विसरलेल्या बायकांवर कथा लिहायचीय? मग आधी लॅबमध्ये जाऊन या

गेली काही वर्षं मी दिवाळी अंकांसाठी ऐतिहासिक कथा लिहितेय, त्यातही शास्त्रज्ञ बायकांवर जास्त, आणि नव्याने लिहिणारी मंडळी सारखी विचारतात की सुरुवात कुठून करायची, म्हणून म्हटलं एकदाचं सविस्तर लिहूनच टाकू. मी काही इतिहासाची प्राध्यापक नाही, केमिस्ट्रीत बीएस्सी करून पुढे ऑफिसात रमलेली बाई आहे, तेव्हा हे सगळं करून बघितलेलं आहे एवढंच समजा.

बहुतेक सगळे सुरुवात करतात ती बायोकेमिस्ट कमला सोहोनींपासून आणि तीही एकाच सीनपासून. १९३३ साल, मुंबई विद्यापीठाची बीएस्सीला पहिली आलेली मुलगी बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटला (आजचं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) अर्ज करते, डायरेक्टर सी. व्ही. रामन नाही म्हणतात कारण काय तर ती मुलगी आहे, मग ही थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहते, सत्याग्रहाची भाषा करते, आणि शेवटी प्रवेश मिळतो तो अटी घालून. पहिलं वर्ष प्रोबेशन, गाइड सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं, आणि लॅबमधलं वातावरण बिघडवायचं नाही. सीन आयताच मिळालेला, संवाद आपोआप सुचतात आणि म्हणूनच सगळ्यांच्या कथा सारख्या होतात. रामन खलनायक, कमला डोळ्यांत पाणी आणून एक बाणेदार वाक्य टाकणार, समाप्त. अशा एका कथेला स्पर्धेत बक्षीसही मिळालेलं मी पाहिलंय, असो.

माझं म्हणणं एवढंच की हा सीन पहिल्या दोन पानांत उरका. खरी कथा त्यानंतरच्या वर्षात आहे. त्या वर्षात ती सकाळी उठून नेमकं काय करत होती? गाइड होते श्रीनिवासय्या, विषय होता दूध आणि डाळींमधली प्रथिनं. आता 'ती संशोधनात गढून गेली' असं वाक्य लिहून पुढे सरकू नका प्लीज, ते वाक्य म्हणजे लेखकाला काही माहीत नसल्याची पावती असते. प्रथिनं किती हे नायट्रोजनवरून ठरतं, म्हणजे नायट्रोजन मोजणं आलं, आणि त्या काळात ते मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे केल्डाल. डाळीचं पीठ तीव्र सल्फ्युरिक आम्लात तासन् तास उकळायचं, काळं झालेलं मिश्रण हळूहळू नितळ होईपर्यंत वाट बघायची, मग त्यात अल्कली घालून अमोनिया ऊर्ध्वपातनाने वेगळा काढायचा आणि शेवटी टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजणं. ब्युरेटमधून एक थेंब जास्त पडला की ते टायट्रेशन वाया. मी हे कॉलेजात शिकवणाऱ्या एका मैत्रिणीच्या लॅबमध्ये अख्खा दिवस बसून पाहिलं, आणि त्या वाफेने घसा कसा धरतो, ॲप्रन घातला तरी कपड्याला भोकं कशी पडतात, जेवणाची वेळ कशी टळते हे कळल्यावर कथा आपोआप हलायला लागली. साडीचा पदर, काचेची भांडी, शेजारच्या टेबलावर गप्प बसलेली मुलं, हे सगळं त्या एका दिवसातून आलं. रामनना मग काही बोलायची गरजच उरली नाही, ते फक्त व्हरांड्यातून जातात.

आणि रामन खलनायक नव्हतेच हो, म्हणजे वागणं चूक होतंच, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही, पण तिचं काम पाहिल्यावर त्याच माणसाने पुढे मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. मत बदललेला माणूस लिहायला जास्त अवघड आणि जास्त मजेदार असतो.

साध्या साध्या गोष्टी तपासा. १९३३मध्ये ती कमला भागवत होती, सोहोनी झाली १९४७मध्ये लग्नानंतर, तरी लोक बिनधास्त 'मिस सोहोनी' लिहितात. मुंबईहून बंगलोरला पाठवायची तर पुण्यापुढे मिरज-हुबळीकडे तेव्हा मीटर गेज (कमी रुंदीचा रूळ) होता, म्हणजे गाडी बदलणं आलं, हे लक्षात ठेवा, जुनं रेल्वे टाइमटेबल मिळालं तर सोनंच. आणि त्या काळचा मराठी माणूस विज्ञानाबद्दल काय नि कसं वाचत होता हे बघायचं तर 'सृष्टिज्ञान'चे जुने अंक बघा, पुण्यातून १९२८पासून निघतंय ते, त्यातल्या जाहिराती वाचल्या तरी काळ डोळ्यासमोर उभा राहतो.

कमलाबाईंच्या बाबतीत मराठी लेखकाला आणखी एक मोह होतो. धाकटी की मोठी यात न पडता सांगते, बहीण म्हणजे दुर्गा भागवत! वाचकाला दुर्गाबाईंचा आवाज पाठ आहे, त्यामुळे आपण नकळत तोच तिखट आवाज कमलाच्या तोंडी घालतो. नका घालू. दोन बहिणी दोन माणसं असतात.

पुढे केंब्रिज आहे, बटाट्यात सापडलेलं सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनात लागणारं प्रथिन), १९३९ची पीएचडी, प्रबंध जेमतेम ४० पानांचा. मग दिल्ली, कुन्नूर, मुंबईचं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, नीरेवरचं काम, उतारवयात ग्राहक चळवळ. यातलं कुणी लिहीतच नाही. नीरेवर कथा करा ना कोणीतरी, ताडामाडाखालची लॅब, केवढं आहे त्यात.

आता 'नोबेल चोरलं' या प्रकाराबद्दल. भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींवर लिहिणारे हमखास इथे घसरतात, त्यांचं नोबेल दुसऱ्याने पळवलं असं लिहितात. कलकत्त्यात देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी फोटोग्राफिक प्लेट्स दार्जिलिंग, संदकफूच्या उंचीवर ठेवून वैश्विक किरणांचे (अवकाशातून येणाऱ्या कणांचे) माग शोधले, महिनोन्‌महिने प्लेटा तिथे पडून राहायच्या, मग खाली आणून डेव्हलप करायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक रेघ बघत बसायचं. त्या रेघा उमटवणाऱ्या कणाच्या वस्तुमानाचा अंदाजही काढला त्यांनी. पण युद्धामुळे चांगल्या प्लेट्स मिळेनात, काम तिथेच अडलं. नंतर सेसिल पॉवेल यांनी सुधारित प्लेट्स वापरून १९४७मध्ये पायॉन नावाचा कण शोधला आणि १९५०मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इथे चोर कोणीच नाही, आहे ते एका मालाची टंचाई, आणि मला विचाराल तर हे चोरीपेक्षा जास्त टोचतं. बिभाताई (मी मनात असंच म्हणते, कथेत नाही) पुढे मुंबईत टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आल्या, तिथल्या पहिल्या महिला संशोधक, म्हणजे आपल्याकडचा धागाही आहे.

हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणींचं तर उलटं. रामनच्या लॅबमध्ये हिऱ्यांचा अभ्यास, फोटोग्राफिक प्लेटच्या एकेका एक्स्पोजरला १५-२० तास लागायचे, त्या रात्रीही लॅबमध्येच काढायच्या. १९४५मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठाला दिला तर एमएस्सी नाही म्हणून पदवी नाकारली. सगळे कथा इथे संपवतात, आणि दुःखी व्हायोलिन वाजायला लागतं. अहो पण त्या १९४८मध्ये पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या, शिवाजीनगरचं ते सिमला ऑफिस, आणि जी उपकरणं तोवर बाहेरून यायची त्यातली शंभरेक इथेच बनावीत म्हणून त्यांची ड्रॉइंग्ज प्रमाणित केली! पुण्यात राहणाऱ्यांनी तरी सिमला ऑफिसच्या स्टॉपवर बस बदलताना याचा विचार करावा. वर्कशॉपमधला फिटर आणि अ‍ॅना मणी यांच्यात एका पर्जन्यमापकावरून वाद, एवढ्यावर अख्खी कथा उभी राहते.

किती कल्पना चालते हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. माझा नियम असा की साल, गाव, पद, निकाल, कोणी कोणाला काय नाकारलं हे हलवायचं नाही, आणि जिथे कागद गप्प आहेत तिथेच आपण बोलायचं. रात्री एकटी जेवताना ती काय विचार करत होती हे तुमचं. पण प्रेमप्रकरण, घरात झालेलं भांडण, कुणाचा मत्सर असलं काही घालायचं असेल तर सरळ नाव बदला आणि काल्पनिक नायिका करा, कारण या बायकांची पुतणी-भाची मंडळी आहेत, वाचतात ती. एका संपादकांनी मला "यात तिचं कुणावर प्रेम होतं का?" असं विचारून कथा परत पाठवली होती. मी ती दुसरीकडे दिली, छापून आली.

कथेखाली चार ओळींची टीप द्या, यातलं खरं काय आणि रचलेलं काय. आणि दिवाळी अंकाला द्यायची असेल तर संपादकांना फोन मे महिन्यात करा, ऑगस्टनंतर कोणी उचलत नाही.