कर्नलच्या असेंब्लीत अलाइनमेंटचा घोळ: या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी विश्रामबागेतल्या माझ्या खोलीवर तीन-चार पोरं लॅपटॉप घेऊन येतात. स्वतःचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायचा नाद. स्क्रीनवर 'हॅलो' उमटलं की मॅन्युअल बंद आणि थेट शेड्यूलर (कामांना प्रोसेसरची पाळी वाटणारा भाग). मग एक दिवस फोन येतो, "सर, बोर्ड आपोआप हँग होतोय."

गेल्या पावसाळ्यात तासगावच्या एकाने रास्पबेरी पाय ३ वर टायमर चालू केला. क्यूईएमूत, म्हणजे बोर्डाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, व्यवस्थित चाललं. बोर्डावर मात्र पहिला इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा) आला की सिरियलवर मेसेज यायचा: 'सिंक्रोनस, एसपी-झिरो'. एसपी म्हणजे स्टॅक पॉइंटर, म्हणून गडी तीन रात्री तोच तपासत बसला. मी एवढंच विचारलं, व्हेक्टर टेबल (इंटरप्ट किंवा चूक आली की प्रोसेसरने कुठे उडी मारायची तो तक्ता) कुठल्या पत्त्यावर आहे? उत्तर आलं, हेक्समध्ये ८०२८०.

६४-बिट आर्मच्या या टेबलात १६ नोंदी असतात, प्रत्येक १२८ बाइटची, आणि अख्खं टेबल २०४८ बाइटच्या सीमेवर लागतं, म्हणजे त्याच्या पत्त्याला २०४८ ने पूर्ण भाग जायला हवा. हीच अलाइनमेंट. त्याचा पत्ता ठेवणाऱ्या व्हीबार रजिस्टरचे खालचे ११ बिट राखीव शून्य. याने प्रत्येक नोंदीआधी 'अलाइन ७' (२ चा सातवा घात, १२८) लिहिलं होतं, टेबलाआधीचं 'अलाइन ११' (२ चा अकरावा घात, २०४८) राहिलं. प्रोसेसरने ८०२८० चं ८०००० केलं, त्यात आयआरक्यूच्या, म्हणजे इंटरप्टच्या, नोंदीचं अंतर हेक्स २८० मिळवलं, आणि गाडी पोचली याच्याच टेबलाच्या पहिल्या नोंदीवर. ती सिंक्रोनस एसपी-झिरोची! क्यूईएमूने तोच पत्ता मुकाट्याने चालवून घेतला होता. तेव्हापासून बोर्डावर चढवण्याआधी मी एनएम (लेबलांचे पत्ते दाखवणारी कमांड) चालवून टेबलाचा पत्ता बघतो. शेवटचे तीन हेक्स अंक ००० किंवा ८०० नसतील तर केबलला हातच लावत नाही.

त्या पोराने नंतर काय करावं? दिसेल त्या लेबलाआधी २०४८ ची अलाइनमेंट, भडंगात शेंगदाणे पसरावेत तशी. इमेज फुगली ती फुगलीच, वर कुठे खरंच गरज आहे तेही कळेना.

'अलाइन' या शब्दावरच माझा राग आहे. जीएनयू असेंब्लरमध्ये 'अलाइन ४' म्हणजे एक्स८६ वर ४ बाइट, आर्मवर २ चा चौथा घात, म्हणजे १६. इकडचा कोड उचलून तिकडे चिकटवणारे इथेच आपटतात. मी फक्त 'बी-अलाइन' लिहितो. त्यात आकडा कायम बाइटचाच.

रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर एसटीव्हेकचे (ट्रॅप हँडलरचा, म्हणजे इंटरप्ट किंवा चूक सांभाळणाऱ्या कोडचा, पत्ता ठेवणारं रजिस्टर) खालचे दोन बिट मोडचे असतात. कॉम्प्रेस्ड (२ बाइटच्या) इन्स्ट्रक्शन चालू असल्या की लेबल २ बाइटच्या सीमेवर येऊ शकतं, म्हणून ट्रॅप हँडलरआधी निदान 'बी-अलाइन ४' हवंच.

मल्टिबूट (पहिली आवृत्ती) हेडर, ज्यावरून ग्रबसारखा बूटलोडर कर्नल ओळखतो: ४ बाइटची सीमा, पहिल्या ८१९२ बाइटच्या आत.

एक्स८६ वर अलाइनमेंटसाठी सुटलेली मोकळी जागा शून्यांनी भरू नका. ०० ०० ही तिथे चालणारी इन्स्ट्रक्शन आहे, मेमरीत बेरीज करते. कोड सेक्शनमध्ये असेंब्लर आपणहून नॉप (काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन) भरतो, त्याला भरू द्या.

आणि आर्मवर कोडच्या मधोमध स्ट्रिंग ठेवायची खोड सोडा. 'हॅलो' इंग्रजीत पाच अक्षरं, शेवटचं शून्य धरून ६ बाइट. पुढची इन्स्ट्रक्शन ४ च्या पाढ्यातून बाहेर. न बदलणारा डेटा ठेवायचा रो-डेटा सेक्शन कशाला आहे मग?