जहाजावरच्या लाटेवर पोरं सारखी का पडतात? या चुका टाळा

“पोहण्यात एक नंबर आहे आमचा, त्याला काय होतंय!” उन्हाळ्याच्या सुट्टीत सिंगापूर-क्रूझचं पॅकेज घेतलेल्या सोलापूरच्या पालकांशी बोला, हे वाक्य ऐकायला मिळतंच. पोराने मार्कंडेय जलतरण तलावात दोन उन्हाळे काढलेले असतात, नाहीतर गावाकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून मामाने शिकवलेलं असतं. दोन्ही उत्तमच. पण क्रूझच्या वरच्या डेकवर जो सर्फ सिम्युलेटर, म्हणजे फळीवर (बोर्डवर) लाटेचा खेळ खेळायचं कृत्रिम लाटेचं यंत्र असतं, तिथे या पोहण्याचा फारसा उपयोग नाही. तिथे पाणीच जेमतेम चार बोटं असतं.

आधी हे यंत्र चालतं कसं ते बघा, म्हणजे पुढच्या निम्म्या चुका आपोआप लक्षात येतील. गुबगुबीत अस्तराचा एक उतार असतो. त्याच्या खालच्या टोकाला बसवलेले पंप पाण्याचा पातळ थर ताशी सुमारे ५० किमी वेगाने उतारावर चढवतात. बोर्ड वजनाने खाली घसरू बघतो आणि पाणी त्याला वर रेटतं. दोन्हींचा मेळ बसला की पोरगं जागच्या जागी लाटेवर राहतं. मेळ बिघडला की क्षणात मागच्या भिंतीकडे. ‘फ्लोरायडर’ नावाचं हे यंत्र १९९१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावच्या वॉटर पार्कमध्ये पहिल्यांदा बसलं आणि २००६ मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ‘फ्रीडम ऑफ द सीज’ या जहाजावर चढलं. आता या कंपनीच्या बऱ्याच मोठ्या जहाजांवर ते आहे, सिंगापूरहून सुटणाऱ्या क्वांटम वर्गातल्या (एकाच आराखड्याच्या) जहाजांवरसुद्धा. खाली दिलेले आकडे याच कंपनीचे आहेत. दुसऱ्या कंपनीचं तिकीट असेल तर तिचे नियम वेगळे विचारून घ्या.

उंची जहाजावर जाऊन मोजणे

पोटावर झोपून करायच्या बूगी बोर्डिंगला किमान उंची ५२ इंच लागते, म्हणजे ४ फूट ४ इंच, १३२ सेंटीमीटर. उभं राहून सर्फिंग करायचं तर ५८ इंच, ४ फूट १० इंच, १४७ सेंटीमीटर. वय कितीही असो, पट्टी उंचीची. साधारण नऊ-दहा वर्षांचं मूल पहिल्या पट्टीला पोचतं आणि बारा-तेराचं दुसऱ्या, थोडं पुढेमागे.

त्यामुळे बुकिंगच्या आधी घरच्या भिंतीला अनवाणी उभं करून मोजा. मुलीचा अंबाडा किंवा वर बांधलेली पोनी मोजमापात धरत नाहीत. अर्धा इंच कमी पडला तर “चालतंय की” म्हणून पुढे ढकलू नका. तिथली माणसं सोडत नाहीत, आणि सोडलं तरी हलकं मूल त्या पाण्यात कागदासारखं उडतं. धाकट्याला “तुलाही मिळेल” असं घरून सांगून नेणं हा तर शुद्ध अन्याय आहे. रांगेच्या तोंडाशी रडणारी पोरं बहुतेक अशीच असतात.

संमतीचा अर्जही असतो. मुलासाठी सही आई-वडिलांनी किंवा पालकांनी करायची. आजी-आजोबा किंवा काका-काकूंसोबत मूल पाठवणार असाल तर सही कोणाची चालेल हे एजंटकडून आधीच लेखी घ्या. “तिथे गेल्यावर बघू” म्हणणारा एजंट तिथे नसतो.

तेल, साखळी आणि नाडी

पोहायला जाताना अंगाला खोबरेल चोळायची आपल्याकडे जुनी सवय. इथे ती नको. तेलकट पोट बोर्डवरून सटकतं, तेलकट पंजे कडा धरू शकत नाहीत. सनस्क्रीन लावा, उन्हाच्या डेकवर ते हवंच, पण अर्धा तास आधी, आणि तळहात व पोट कोरडं सोडून.

गळ्यातली साखळी, हातातलं कडं, कानातल्या रिंगा, पायातले पैंजण खोलीतच काढून ठेवा. दृष्टीचा काळा दोरा काढायला आजीची परवानगी लागत असेल तर ती सोलापुरातच घ्या. चष्मा बहुतेक वेळा काढायला लावतात. आता चष्म्याशिवाय ज्या मुलाला समोरच्याची बोटं नीट दिसत नाहीत, त्याला प्रशिक्षकाच्या खुणा कशा दिसणार? अशा मुलाबद्दल आपण होऊन प्रशिक्षकाला सांगा. तो जवळ उभा राहतो, मोठ्याने बोलतो. कोणी सांगितलंच नाही तर त्याला वाटतं, पोरगं ऐकत नाहीये.

कपड्यांचं म्हणाल तर पाण्याचा जोर इतका असतो की सैल बर्म्युडा कमरेवरून गुडघ्यावर येतो. नाडी आत घालून घट्ट बांधा. चेन, बटणं, खिशातलं काही नको. मुलींना पोहण्याच्या पोशाखावर अंगाला बसणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. लाजेचा प्रश्न सुटतो आणि कोपरंही सोलत नाहीत.

पडायला न शिकवणे

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. उभं कसं राहायचं याचे व्हिडिओ दाखवून पोराला तयार करतात, पडायचं कसं हे कोणीच दाखवत नाही. आधी पडायचं कसं, मग उभं राहायचं कसं, असा क्रम इथे हवा. कारण पहिल्या दिवशी मूल लाटेवर जितका वेळ असतं त्यातला बराच वेळ ते पडत असतं.

पडताना माणूस हात पुढे टाकतो. मनगट आणि खांदा दुखावतो तो इथेच, ताठ हातावर सगळं वजन आल्यामुळे. मुलाला शिकवायचं ते असं: तोल गेला की वाचवायची धडपड सोड, गुडघे वाक, बुडावर आणि कुशीवर जा, हनुवटी छातीला लाव, दोन्ही हात डोक्याभोवती घे, अंगाचं गाठोडं कर. पुढचं काम पाणी करतं. ते उचलून उताराच्या माथ्याकडे नेऊन सोडतं.

याचा सराव घरी होतो. दिवाणखान्यात दोन गाद्या टाका, वर जाड सोलापुरी चादर अंथरा. मुलाला गुडघे वाकवून उभं करा आणि बाजूने हलकेच ढकला. पहिल्या दोन-तीन वेळा हात पुढे येणारच. तिथेच थांबवून परत करायला लावा. टाळी वाजवली की पडायचं, असा खेळ केला तर भावंडं आपणहून तासभर करतात. आठवड्याभरात हात पुढे यायचे बंद होतात. निघायच्या आदल्या रात्री केलेला सराव मात्र उपयोगाचा नाही, अंगात मुरायला दिवस लागतात.

पडल्यानंतरची चूक वेगळीच. मूल वाहत्या धारेतच उठायला बघतं, पाय उचलले जातात आणि दुसरी आपट पहिलीपेक्षा जोरात बसते. माथ्याकडे पाणी संथ होईपर्यंत उठायचं नाही. बोर्डच्या मागे धावायचं नाही, तोही तिथेच येतो. मग बोर्ड उचलून झटकन बाजूला व्हायचं, कारण पुढचा गडी तयारच असतो.

पोटावर झोपून: नेमकं कुठे बिघडतं

सुरुवात इथूनच करा, मूल ५८ इंचांच्या वर असलं तरी. उतरताना विहिरीत सूर मारतात तसं बोर्डाचं टोक खाली करून जाऊ नये. टोक पाण्यात घुसलं की बोर्ड पलटतो. दोन्ही हातांनी पुढची कडा धरायची, कोपरं बोर्डावर, हनुवटी वर. हनुवटी बोर्डाला टेकवून ठेवली तर पहिल्या दणक्याला दात जिभेवर आलाच म्हणून समजा.

बोर्ड सारखा मागे, वर जातोय? बहुतेक वेळा पाय पाण्यात ओढले जात असतात. पावलं उचला आणि वजन किंचित पुढे न्या. उलट फारच खाली, पंपांच्या दिशेने घसरतोय? मग पाय पाण्याला लावा, पुढची कडा जराशी वर ओढा. हे ‘जराशी’ मुलांना समजत नाही, ती एकदम खेचतात आणि भिंतीला जाऊन लागतात. “बोटभर” असं सांगा, कळतं.

एका बाजूला वाहत जाण्याचं कारण जवळपास नेहमी एकच: एका कोपरावर जास्त भार. आणि नाश्त्याच्या बुफेवर आडवा हात मारून लगेच पोटावर झोपणं म्हणजे काय होतं ते इथे लिहायला नको. दीड-दोन तास जाऊ द्या.

पोटावर जमलं की गुडघ्यांवर यायचं. इथे घाई केली तरी फार बिघडत नाही. दोन्ही कडा धरून एकेक गुडघा आत ओढायचा, मागे बसायचं. बस्स.

उभं राहताना

सुरुवातीला प्रशिक्षक दोरी किंवा हात देतो. मूल त्या दोरीला इतकं लटकतं की सगळा भार हातांवर, पायांवर काहीच नाही. दोरी सोडली की आडवं. दोरी फक्त तोलापुरती. भार मागच्या पायावर जास्त, गुडघे वाकलेले, नजर समोर. पुढच्या पायावर दाब दिला की बोर्ड खाली उतरतो, मागच्या पायावर दिला की वर चढतो. सगळी कला या दोन पायांच्या वाटाघाटीत आहे.

आणि पडताना दोरी सोडून द्यायची! घट्ट धरून ठेवली तर खांद्याला हिसका बसतो. प्रशिक्षक इंग्रजीत ओरडतो, पाण्याचा आवाज मोठा असतो, म्हणून चार शब्द घरी पाठ करून घ्या: ‘बेंड युअर नीज’ (गुडघे वाकव), ‘लुक अप’ (वर बघ), ‘वेट बॅक’ (भार मागे), ‘लेट गो’ (सोडून दे). मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजी येतंच, पण तोंडात पाणी गेलेलं असताना उच्चार कळायला वेळ लागतो.

रेलिंगवरचे आई-बाबा

आता आपल्याबद्दल. पोरगं कसंबसं तोलावर आलेलं असतं, तेवढ्यात वरून हाक येते, “पिंट्या, इकडे बघ, इकडे!” हातात मोबाइल. पिंट्या बघतो. मान वळते, मानेबरोबर खांदा वळतो, खांद्याबरोबर बोर्ड आडवा होतो, समोरून येणाऱ्या पाण्यात बोर्डाची कडा रुतते आणि पिंट्या पाठीवर. नजर जाईल तिकडे बोर्ड जातो, हा या खेळाचा नियमच आहे. फोटो हवा असेल तर समोरच्या बाजूला, प्रशिक्षकाच्या पाठीमागे जागा धरा, हाक न मारता काढा.

दुसरी हाक याहून वाईट: “अगं वाकू नको, सरळ उभी राहा की!” प्रशिक्षक गुडघे वाकव म्हणतोय, आई सरळ राहा म्हणतेय. मुलगी आईचं ऐकते.

वेळ आणि रांग

बूगी बोर्ड आणि उभ्याने सर्फिंग यांच्या वेळा बऱ्याचदा वेगळ्या असतात. रोजचं वेळापत्रक कंपनीच्या अॅपवर येतं, ते आदल्या रात्रीच बघा, नाहीतर रांगेत तासभर उभं राहून “ही दुसरी वेळ आहे” असं ऐकावं लागतं. जहाज दिवसभर समुद्रात असतं तेव्हा गर्दी जास्त. बंदरावर लागलेलं असताना निम्मे लोक फिरायला उतरतात, तेव्हा आपली पाळी लवकर येते. वारा फार सुटला किंवा वीज चमकायला लागली तर बंद करतात. तिथे हुज्जत घालून काही होत नाही.

ओलं अंग आणि वरच्या डेकचा वारा, यात दात वाजतात, बाहेर कितीही उकडत असो. टॉवेल जहाजावर मिळतो. घरचा जाड सोलापुरी टॉवेल नेण्याचा मोह आवरा. केबिनमध्ये तो दोन दिवस वाळत नाही.

लागलं तर

मनगट, खांदा, घोटा सुजला तर त्या दिवसापुरता खेळ बंद. डोक्याला मार बसला असेल आणि नंतर उलटी, गुंगी, डोकेदुखी किंवा विचित्र बडबड असेल तर झोपवून बरं वाटायची वाट न बघता जहाजाच्या दवाखान्यात न्या. तिथलं बिल वेगळं लागतं आणि चांगलंच लागतं. म्हणून प्रवास विम्याच्या कागदांत साहसी खेळ वगळलेले आहेत का, हे निघण्याआधी एजंटला विचारू नका, स्वतः वाचा. नुकताच हाड मोडून बरं झालेलं मूल, खांदा निखळण्याची सवय असलेलं मूल यांना या वर्षी प्रेक्षकच राहू द्या.

पैसे देऊन शिकवणी घ्यावी का?

ठरलेल्या वेळेत रांगेत उभं राहून खेळायला वेगळे पैसे पडत नाहीत. खासगी शिकवणीला पडतात, आणि ते रुपयांत मोजले की पोटात गोळा येतो. बूगी बोर्डसाठी घेऊ नका, त्याची गरजच नसते. मूल ५८ इंचांच्या वर आहे, पोटावर आणि गुडघ्यांवर व्यवस्थित राहतंय आणि उभं राहण्याचा ध्यास घेतलाय, असं असेल तर एक तास जरूर घ्या. मोजकीच माणसं असल्याने एरवी दिवसभर रांगेत मिळणार नाहीत इतक्या पाळ्या त्या तासात मिळतात. नोंदणी मात्र जहाजावर चढल्या दिवशीच करा, आणि तास सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांत घ्या, म्हणजे शिकलेलं रांगेत वापरायला पुढचे दिवस हातात राहतात.