लिहिणाऱ्याने स्वतःसाठीचं वाचन कसं टिकवावं

पुस्तक प्रकाशित झालं की प्रसिद्धीचं बरंचसं काम लेखकाच्याच अंगावर येतं, आणि त्याला अंत नसतो. म्हणून त्यासाठी आठवड्यातली एकच बैठक ठरवा. पुढच्या सगळ्या पोस्ट तेव्हाच लिहून त्यांची वेळ लावून ठेवा. फेसबुक पेजवर आणि इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यावर ती सोय आहे. वाचकांना उत्तरं मात्र स्वतः द्या, पण त्या दिवसाचं लेखन झाल्यावर. आधी फोन उघडला तर डोक्यात इतरांचीच वाक्यं घोळत राहतात.

खरी उपासमार होते ती निव्वळ आनंदासाठीच्या वाचनाची. संदर्भासाठी, परीक्षणासाठी किंवा स्नेह्यांच्या आग्रहाखातर वाचलेलं यात धरू नका. एक पुस्तक असं बाळगा, ज्याबद्दल कुठेही लिहायचं नाही, ज्याचा फोटो टाकायचा नाही, ज्यात पेन्सिलीने खुणा करायच्या नाहीत. शक्यतो ते आपल्या लेखनप्रकाराबाहेरचं असावं: कादंबरीकाराने प्रवासवर्णन घ्यावं, कवीने रहस्यकथा. आपल्याच प्रकारातलं वाचताना मन सारखं तुलना करतं, दुसऱ्याची रचना उसवून बघतं, आणि गोष्टीत रमणं राहून जातं. पुस्तक नाही आवडलं तर अर्ध्यावर खुशाल सोडा. इथे कुणाला हिशोब द्यायचा नाही.

मसुदा अडलेला असतो तेव्हा सर्वांत आधी हेच वाचन बंद होतं. माझ्या मते नेमकं तेव्हाच ते सोडू नये. प्रकाशनाच्या धावपळीत लेखन काही दिवस थांबलं तरी चालेल, झोपण्यापूर्वीची वीस मिनिटं मात्र या पुस्तकाला द्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.