वारशात आलेली जुनी मोटारसायकल नक्की कोणत्या सालची? ओळख पटवताना या चुका टाळा

वाड्याच्या बोळात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली गाडी असते आणि तिच्यासोबत घराण्याची एक दंतकथा असते: "आजोबांनी 47 साली मिलिटरीच्या लिलावात घेतली." दंतकथा खोटीच असते असं नाही. पण तिच्यावरून साल ठरवायचं नाही, आणि आरसी बुकावरूनही लगेच नाही.

आरसीवरचं साल म्हणजे गाडीचं साल नव्हे

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या बीएसए एम20, नॉर्टन 16एच, मॅचलेस जी3एल अशा गाड्या मुलकी मालकांकडे आल्या. त्या बनल्या युद्धकाळात, नोंद झाली नंतर. खडकी आणि कॅम्पसारखे लष्करी भाग असलेल्या पुण्यात हा घोळ होणारच. त्यात ब्रिटिश कारखान्यांचा नवा मोसम सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू व्हायचा, म्हणजे ऑक्टोबर 1954 मध्ये तयार झालेली गाडी 1955चं मॉडेल म्हणून विकली जाई. तेव्हा वहीत तीन रकाने करा: बनल्याचं साल, मॉडेलचं साल, नोंदणीचं साल. नंबरप्लेटची एमएच मालिका 1989 साली आली, त्यामुळे जुन्या गाडीला पुण्याचा एमएच-12 असेल तर मधे कधीतरी नव्याने नोंदणी झाली, एवढंच समजायचं.

नंबर सापडण्याआधी घासायला घेऊ नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गाडी बाहेर काढली की लोक उत्साहाने पॉलिश पेपर, वायर ब्रश, नाहीतर थेट सँडब्लास्टिंगवाल्याकडे. चेसिसवर पंच केलेले आकडे उथळ असतात. एकदा घासले गेले की गाडीची ओळखच गेली. आणि "पुसट झालाय, परत मारून घेऊ" म्हणत कुणाकडून पंच करून घेतलात, तर चोरीच्या गाडीचा संशय स्वतःहून ओढवून घ्याल.

रॉकेल किंवा डिझेल आणि जुना टूथब्रश, एवढं सामान पुरतं. ब्रिटिश गाड्यांत चेसिस नंबर बहुधा हँडलखालच्या मानेवर डाव्या बाजूला असतो आणि इंजिन नंबर डाव्या क्रँककेसवर (इंजिनच्या खालच्या कवचावर), सिलेंडरच्या बुडाशी. ग्रीस निघालं की टॉर्च समोरून न धरता पत्र्याला लावून आडवा धरा, म्हणजे आकड्यांच्या सावल्या पडतात. तरी दिसलं नाही तर खडू घासून वरून पुसा; खाचेत पांढरं उरतं. मग पातळ कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या, आरटीओचे एजंट घेतात तसाच. अक्षरं, मधल्या रेघा, चांदण्या, जे असेल ते सगळं उतरवा. पुढचं अक्षरच कधी सगळं सांगून जातं: डब्ल्यूएम20 मधला डब्ल्यू युद्धकाळातल्या लष्करी ऑर्डरचा.

नंबर खोल मारलेला असतो हे लक्षात ठेवा. उठावाचा आकडा म्हणजे ओतकामाचा किंवा पार्टचा नंबर. बीएसएच्या एम मालिकेतल्या कितीतरी पार्टचे नंबर 66ने सुरू होतात. तो आकडा वाचून एम20ला 1966ची ठरवणारे महाभाग आहेत. एम20चं उत्पादन पन्नाशीच्या दशकातच थांबलं होतं.

नंबर जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, जुळले म्हणून हुरळू नका

ट्रायम्फमध्ये, निदान पन्नाशीच्या दशकापासून पुढे, इंजिन आणि चेसिसचा नंबर एकच असायचा. बीएसए एम20मध्ये कारखान्यातूनच दोन्ही वेगळे. त्यामुळे मेकॅनिकने "इंजिन बदललंय" म्हटलं की आधी विचारा, कशावरून? खरी तुलना गाडीवरचा ठसा आणि आरसीवरचा आकडा यांची.

टाकीवरचा बॅज हा पुरावा नाही

म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961पासून जावा बनवली आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी येझदी झाली. सुरुवातीची येझदी आणि जावा यांत फरक इतका थोडा की टाकी बदलली की नाव बदलतं, आणि नाना पेठेत काय, जुन्या बाजारात काय, टाक्या मिळत आल्यात. रंग, सीट, सायलेन्सर यांचंही तेच. कार्ब्युरेटर मात्र बरा साक्षीदार आहे: अमाल या ब्रिटिश कंपनीचा मोनोब्लॉक प्रकार साधारण 1955च्या मॉडेलांपासून, कॉन्सेंट्रिक प्रकार 1967पासून. लुकास कंपनीच्या मॅग्नेटो-डायनॅमोवर (ठिणगी आणि वीज देणाऱ्या पार्टवर) महिना-सालाचा ठसा असतो. पण हे पार्टचं वय; गाडीचं म्हणून सांगायला तीन-चार पार्ट एका सुरात बोलायला हवेत.

आणि कागद

ब्रिटिश गाडी असेल तर इंग्लंडच्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडे बीएसए, ट्रायम्फसारख्या कारखान्यांच्या रवानगीच्या नोंदी आहेत. ठशाचे फोटो पाठवून, शुल्क भरून ते सालाचा दाखला देतात. घरगुती वाद तिथे मिटतात.

"व्हिंटेज" म्हणून नोंदवायची तर 2021च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. 1983नंतरची राजदूत 350 कितीही हवीहवीशी असली तरी अजून या रांगेत बसत नाही.

गाडी अजून आजोबांच्याच नावावर असेल तर पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओत मृत्यूच्या दाखल्यासह वारसाच्या नावावर गाडी करण्याचा फॉर्म 31 भरावा लागतो. कायद्याने ही मुदत तीन महिन्यांची. ती कधीच उलटली असेल, तर दंडाचे पैसे खिशात ठेवूनच जा, आणि पेन्सिलचा ठसाही बरोबर न्या. साहेब गाडी बघायला मागतील, पण आधी नंबर विचारतील.