इंग्रजीचे काळ केसरबाईंकडून
काळ पाठ असूनही लिहिताना मुलं चुकतात. फोंड्याला भाचीसाठी मी गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर निवडल्या. गोष्ट आधीच ठाऊक असली की लक्ष क्रियापदावर राहतं.

१. वहीत तीनच इंग्रजी वाक्यं लिहा. १८९२ मध्ये जन्मल्या: 'वॉज बॉर्न'. जयपूर घराण्याची गायकी गायल्या: 'सँग'. अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत त्यांचा आवाज आहे, तो अजून प्रवासात: 'हॅज बीन ट्रॅव्हलिंग सिन्स १९७७'.

२. क्रियापदाखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचा. 'सिन्स' आणि 'फॉर' भाचीला इथंच उमगलं: साल आलं की सिन्स, किती वर्षं ते सांगायचं तर फॉर.

मग आपल्या आवडत्या गायकावर अशीच वाक्यं.

इंग्रजी गाण्यांच्या ओळी मात्र व्याकरणासाठी घेऊ नका. चालीसाठी तिथं 'ही डझन्ट'चं सर्रास 'ही डोन्ट' होतं.