सस्टेन्टॅक्युलर पेशी: या चुका टाळा

हिस्टॉलॉजीच्या (ऊतींच्या अभ्यासाच्या) तोंडी परीक्षेत ‘सस्टेन्टॅक्युलर’ हा शब्द दर वर्षी एकाच जागी अडतो. मुलं त्यात ‘टेन्टॅकल’ शोधतात. मागे एका मुलीनं छातीठोकपणे सांगितलं, ‘मॅडम, या पेशींना ऑक्टोपससारखे हात असतात, म्हणून हे नाव.’ वृषणातल्या सर्टोली पेशी याच नावाच्या, आणि त्यांना फाटे असतातच, त्यामुळे तिला स्वतःचं उत्तर पुरतं पटलेलं. मी ट्रेमधलं टाचेचं हाड तिच्या हातात दिलं आणि आतल्या बाजूला पुढे आलेल्या फळीवर तिचं बोट टेकवलं.

‘हे काय?’

‘सस्टेन्टॅक्युलम टॅलाय.’

‘मग याला हात कुठायत?’

ती गप्प. मी वर टेलस, म्हणजे घोट्याचं हाड, ठेवलं. ते फळीवर नीट बसलं, तशी तीच म्हणाली, ‘अगं बाई, टेकू!’

टेकूच. लॅटिन ‘सस्टेन्टारे’ म्हणजे तोलून धरणं; ‘क्युलम’ लागलं की ते काम करणारी वस्तू. ‘टेन्टॅकल’ चाचपण्यावरून आलाय, त्याचा इथे संबंध नाही. नवा शब्द आला की मी तो आधी हाडांत शोधते, कारण हाड हातात घेता येतं. फ्लॅशकार्डवरची एक ओळ घोकून पाच मिनिटं वाचवणारी मुलं नेमकी इथेच अडकतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

अर्थ कळला की पुढची चूक: टेकू म्हणजे नुसता खांब. 1865 मध्ये एनरिको सर्टोलीनं वर्णन केलेल्या या पेशी घडणाऱ्या शुक्रपेशींना पोसतात, त्यांनी टाकलेला पेशीद्रव गिळतात, इन्हिबिन हे हार्मोन बनवतात आणि एकमेकींना घट्ट चिकटून रक्तातल्या बऱ्याच पदार्थांना शुक्रपेशी घडतात त्या नळीत आत येऊ देत नाहीत. नाकातल्या आधारपेशीही नुसता खांब नाहीत. कोविडमध्ये वास गेला तो मुख्यतः या पेशींना लागण झाल्यानं. वास ओळखणारे न्यूरॉन सहसा थेट सापडले नव्हते.

हे नाव कामाचं आहे, घराण्याचं नाही. जिभेच्या स्वादकलिकेतल्या आणि कॅरोटिड बॉडीतल्या (मानेतल्या, रक्तातल्या ऑक्सिजनवर नजर ठेवणाऱ्या छोट्या गाठीतल्या) आधारपेशी सर्टोलीच्या बहिणी नव्हेत.

मज्जासंस्थेतल्या आधारपेशींचं नाव ‘ग्लिया’; त्याचा अर्थ मात्र टेकू नव्हे, गोंद.

वृषणाच्या स्लाइडवर सर्टोली नळीच्या आत, तर टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशी नळ्यांच्या मधल्या जागेत. स्लाइड लावल्या लावल्या चाळीसच्या लेन्सवर उडी मारू नका. दहावर नळीची कड शोधा, मग वर जा: कडेला टेकलेलं फिकट केंद्रक आणि त्यात ठळक ठिपक्यासारखं न्यूक्लिओलस दिसलं, की ती सर्टोली.