डीएनए चाचणीतून प्राचीन वंश कसा शोधावा

किट मागवण्याआधी एक गोष्ट नक्की करा: नमुना कोणाचा द्यायचा? निम्मं काम इथेच होतं.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून सगळ्या लेकरांना मिळतो, पण पुढे तो फक्त लेकी देतात. म्हणून एखाद्या बाईला माहेरचा पुरुषवंश शोधायचा असेल, तर नमुना वडिलांचा, भावाचा किंवा काकांचा लागतो. आईच्या वडिलांचा वंश हवा तर मामाला गाठा. वडिलांच्या आईची ओळ आत्याकडे मिळेल. आतेभाऊही चालेल, चुलतभाऊ चालणार नाही. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून सुरुवात करा, आणि त्यांना नीट समजावून, त्यांची संमती घेऊनच. यातून नात्यांतली अनपेक्षित सत्यंही बाहेर येतात.

मग चाचणी निवडा. 'किती टक्के कुठले' सांगणारी ऑटोसोमल चाचणी स्वस्त पडते, पण दहा पिढ्यांमागच्या १,०२४ पूर्वजांपैकी कित्येकांचा अंशही आपल्यात उरलेला नसतो. हजारो वर्षं मागे जायचं तर फॅमिली ट्री डीएनए या कंपनीची, वाय गुणसूत्र तपासणारी बिग वाय-७०० किंवा मायटोकॉन्ड्रियाची पूर्ण चाचणी घ्या. दुसरीत सुमारे १६,५६९ अक्षरांची अख्खी साखळी वाचली जाते.

नमुन्याआधी तासभर खाणं, चहा, तंबाखू बंद. काडीने गालाची आतली बाजू नीट घासायची, एवढंच.

निकालात हॅपलोग्रुप, म्हणजे एकाच प्राचीन पूर्वजापासून आलेल्या वंशशाखेचं नाव येतं: बापाकडून आर१ए, एच, एल वगैरे; आईकडून भारतात बहुतेकदा एम. त्यावरून जात ठरवू नका. आर१ए ब्राह्मणांत सापडतो, तसाच चेंचू आदिवासींतही. शिवाय एका ओळीवरून सगळ्या घराण्याचा निष्कर्ष काढू नका. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचंच बघा. २०१६ च्या संशोधनानुसार त्यांच्यात मध्यपूर्वेतले ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वंश आहेत. हा संकर १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा, आणि त्यात ज्यू वाटा पुरुषांकडून जास्त, स्थानिक वाटा स्त्रियांकडून जास्त. अशा घरात फक्त बापाची ओळ तपासली, तर कोकणातल्या आज्या हिशेबातच येणार नाहीत.

शेवटी कच्च्या डेटाची फाइल उतरवून स्वतःजवळ ठेवा. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए चाचणी कंपनीच्या लाखो ग्राहकांची माहिती चोरीला गेली, २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा पासवर्ड वेगळा ठेवा, दुहेरी पडताळणी सुरू करा आणि काम झाल्यावर नमुना नष्ट करायला सांगायचा की नाही, हे ज्यांचा नमुना आहे त्यांनाच ठरवू द्या.